गुन्ह्याला नाव कोण देतो?

(युवक अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘बक्षीस, शिक्षा आणि न्याय’. अशा विषयावर वकिलानं बोलावं, प्राध्यापकानं बोलावं. मी दहावी पास, जुन्या माणसांच्या भाषेत मॅट्रिक. गोदीत ठेकेदाराच्या टोळीत ओझं उचलतो, रात्री कविता लिहितो. माझ्याजवळ व्याख्या नाहीत, काटा आहे. गोदीत सगळं काट्यावर जातं. ट्रक रिकामा तोलतात, भरून आला की पुन्हा तोलतात. दोन वजनांतला फरक तो माल. ड्रायव्हर गोड बोलला म्हणून काटा हलत नाही. आज मी या देशातल्या शिक्षा आणि बक्षिसं त्या काट्यावर घालून बघणार आहे. किती निघतात ते तुम्हीच बघा.

लहानपणापासून आपल्याला सांगतात, करावं तसं भरावं. पेरलं तेच उगवतं. ऐकायला झकास वाटतं. माझ्या आज्यानं जन्मभर दुसऱ्याच्या रानात ज्वारी पेरली. ती उगवली, चांगली कमरेएवढी उगवली, आणि पाटलाच्या बळदात गेली. म्हण खोटी म्हणता येत नाही. उगवलेलं कुणाच्या घरात जातं, एवढंच त्या म्हणीनं सांगायचं ठेवलं.

आजीला मी विचारायचो, “आपल्याच वाट्याला हे का गं?” ती म्हणायची, “गेल्या जन्मी कायतरी केलं असंल रं.” “काय केलं असंल?” “ते कुणाला ठावं असतंय?” घरात बाबासाहेबांचा फोटो होता, बुद्धाची मूर्ती होती, पण ते वाक्य जिभेवरून गेलं नव्हतं. मी आजीला हसत नाही. ते वाक्य तिचं नव्हतंच. हजार-दोन हजार वर्षं कुणीतरी ते तिच्या आजीच्या, पणजीच्या तोंडात भरवलं होतं.

आता हे कोर्ट कसं आहे बघा. आपल्याकडचा सगळ्यात बेरकी हवालदारसुद्धा तुम्हाला आत टाकताना एखादं कलम लिहितो. खोटं का होईना, लिहितो. गेल्या जन्माच्या कोर्टात कलम नाही, फिर्यादी नाही, साक्षीदार नाही, वकील नाही, अपील नाही. गुन्हा काय तो आरोपीला सांगायचा नाही. शिक्षा मात्र पाळण्यातच चालू. आणि समोरच्या वाड्यात जो जन्मला त्याला बक्षीसही पाळण्यातच. त्यानं काय पुण्य केलं तेही कुणी विचारायचं नाही. वाडा हाच पुण्याचा पुरावा आणि झोपडी हाच पापाचा पुरावा. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात या पूर्वकर्माच्या सिद्धांतावर नेमकं बोट ठेवलंय. गरिबांच्या, खालच्यांच्या हालाची जबाबदारी राज्यावर आणि समाजावर येऊ नये, त्यांना त्यातून मोकळं सुटता यावं, यासाठीच तो रचलेला दिसतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आरोपी होता समाज. त्यानं आपलं आरोपपत्र आमच्या नावावर करून घेतलं.

चोखोबाचं काय झालं आठवा. एवढा मोठा कवी. मी कवी म्हणून त्याच्या पायाशी बसतो. त्याच्या एका अभंगात तो सांगतो की पूर्वी कृष्णाची निंदा घडली म्हणून महाराचा जन्म आला. दोस्तहो, हा कबुलीजबाब आहे. पोलीस कोठडीत घेतात तसला. ज्या गुन्ह्याची कुणी फिर्याद केली नाही तो गुन्हा त्यानं कबूल केला. आणि पुढं? १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा त्याखाली मेला. वेठीनं राबणारा मजूर होता तो. कामावरचा अपघात होता तो. आज आम्ही त्याला संतपदाचं बक्षीस दिलंय, पण त्या भिंतीचा जबाब कुणी घेतला नाही. त्याची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर. दारासमोर, म्हणजे बाहेर. ते दार आपल्यासाठी उघडायला १९४७ चा मे महिना उजाडावा लागला, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. मोजा. सहाशे नऊ वर्षं.

इथं मला जे म्हणायचंय त्याचं टोक सापडतं. शिक्षा किती, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की गुन्हा कशाला म्हणायचं आणि ते ठरवायचं कुणी.

शंबुक घ्या. तप करत होता. तेच तप ऋषीनं केलं तर देव प्रसन्न होतो, वर देतो. शंबुकानं केलं तर ब्राह्मणाचं पोर मरतं आणि रामाची तलवार येते. कृती एकच. एकाला वर, दुसऱ्याला तलवार. काट्यावर माल तोच आहे, फक्त ट्रक कुणाचा ते बघून आकडा लिहिलाय.

मनुस्मृती घ्या. आठव्या अध्यायात शिवीचा दर लावलाय. क्षत्रियानं ब्राह्मणाला शिवी दिली तर शंभर पण दंड. वैश्यानं दिली तर दीडशे किंवा दोनशे. शूद्रानं दिली तर दंड नाही, देहाला शिक्षा. आता उलट बाजू. ब्राह्मणानं क्षत्रियाला शिवी दिली तर पन्नास, वैश्याला पंचवीस, शूद्राला बारा. बारा! बाजारात भाजीचा भाव लावावा तसा. शूद्रानं द्विजाला कठोर बोललं तर जीभ कापायची. नाव घेऊन, जात काढून बोलला तर दहा बोटं लांबीचा तापलेला लोखंडी खिळा तोंडात घालायचा. ब्राह्मणाला धर्म शिकवायला गेला तर तोंडात आणि कानात उकळतं तेल. आणि अकराव्या अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा मारला तर जे प्रायश्चित्त, तेच शूद्र मारला तर.

हे सांगितलं की एक हुशार माणूस हात वर करतो. मला परवाच असा एक भेटला. म्हणतो, “अहो, पण चोरीचं वाचलंत का? चोरीला शूद्राला आठपट, वैश्याला सोळापट, क्षत्रियाला बत्तीसपट आणि ब्राह्मणाला चौसष्टपट दोष सांगितलाय. ज्याला जास्त कळतं त्याला जास्त शिक्षा. हा न्याय नाही का?” मी त्याला म्हणालो, साहेब, वाचलंय. तुम्ही थोडं पुढंपण वाचा. त्याच आठव्या अध्यायात, शेवटाकडं, लिहिलंय की ब्राह्मणानं शूद्राचं धन बिनघोर घ्यावं, कारण शूद्राचं स्वतःचं असं काही नसतंच. दहाव्या अध्यायात लिहिलंय की शूद्रानं ऐपत असली तरी धन साठवू नये. म्हणजे माझं घेतलं तर ती चोरीच नाही! मग चौसष्टपट कशाच्या? शून्याच्या. शिक्षा मोठी लिहून ठेवायची आणि गुन्ह्याचं नावच काढून टाकायचं, ही युक्ती लक्षात ठेवा. पुढं ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी हे पुस्तक जाळलं ते उगाच नाही. काही लोक म्हणतात जुनं पुस्तक होतं, कोण वाचत होतं. अहो, पुस्तक वाचायला लागत नाही. ते हाडात असतं.

इंग्रज आला. त्यानं सगळ्यांना एक कायदा केला असं आपले काही लोक कौतुकानं सांगतात. केला, काही प्रमाणात केला. पण त्याच इंग्रजानं १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी, भामटे, कंजारभाट, आणखी कितीतरी. अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार. हजेरी द्यायची, परवाना असल्याशिवाय हलायचं नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांची वस्ती केली, सेटलमेंट. गेल्या जन्माच्या पापाचं हे सरकारी भाषांतर होतं. देश १९४७ ला सुटला, ही माणसं ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटली. पाच वर्षं सोळा दिवस उशिरा. आणि आजसुद्धा गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिली कुठल्या पालाजवळ थांबते ते मी तुम्हाला सांगायला नको.

मग २६ जानेवारी १९५० ला एक गोष्ट झाली. घटनेचं सतरावं कलम. ते मी दर वर्षी एकदा मोठ्यानं वाचतो. अस्पृश्यता नष्ट केली आहे, ती पाळणं हा कायद्यानं शिक्षेला पात्र गुन्हा आहे. या कलमात किती तुरुंगवास ते लिहिलेलं नाही. पण त्यानं गुन्ह्याचं नाव बदललं. कालपर्यंत शिवणं गुन्हा होता, त्या दिवसापासून न शिवणं गुन्हा झाला. कालपर्यंत चवदार तळ्यावर पाणी पिणारा गुन्हेगार होता, त्या दिवसापासून त्याला अडवणारा गुन्हेगार झाला. दोन हजार वर्षांत आपल्याला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट मला विचाराल तर ही. नोकरी नाही, जमीन नाही. गुन्ह्याला नाव देण्याचा हक्क.

म्हणूनच तो हक्क काढून घ्यायची धडपड तेव्हापासून चाललीय.

१९६८ चा २५ डिसेंबर. महाडच्या त्या तारखेला बरोबर एकेचाळीस वर्षं झाली होती. तमिळनाडूत तंजावरच्या बाजूला कीळवेण्मणी नावाचं गाव. भातशेतीवर राबणाऱ्या दलित मजुरांनी मजुरीत मापटंभर धान्य वाढवून मागितलं. लाल बावट्याची युनियन केली. जमीनदारांच्या माणसांनी चव्वेचाळीस जणांना एका झोपडीत जाळलं. बाया, म्हातारी, पोरं. खालच्या कोर्टानं जमीनदारांना शिक्षा दिली. हायकोर्टानं सोडलं. आणि कारण काय दिलं? एवढे श्रीमंत, जमीनजुमलावाले लोक, एकाकडं तर मोटार, ते स्वतः चालत जाऊन झोपड्या पेटवतील हे पटत नाही. म्हणजे मोटार हा निर्दोष असल्याचा पुरावा झाला. माझ्या आजीचा पाळणा आठवा. वाडा म्हणजे पुण्य, मोटार म्हणजे पुण्य.

बिहारमध्ये लक्ष्मणपूर बाथे, १ डिसेंबर १९९७. अठ्ठावन्न माणसं मारली. २०१० ला खालच्या कोर्टानं सोळा जणांना फाशी सांगितली, दहा जणांना जन्मठेप. २०१३ ला पाटणा हायकोर्टानं सगळ्या सव्वीस जणांना सोडलं. मग अठ्ठावन्न माणसं कुणी मारली? कुणीच नाही. मेली.

आता आपल्या दारात या. खैरलांजी. भंडारा जिल्हा, २९ सप्टेंबर २००६. आई, मुलगी, दोन मुलगे. भोतमांगे कुटुंबातले चार जण हाल करून मारले. बाप तेवढा वाचला आणि पुढची दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून २०१७ ला मेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. आपल्या वस्त्यांत पेढे वाटले गेले. फाशी! आणखी काय पाहिजे?

पण निकाल नीट वाचणाऱ्यांनी कपाळावर हात मारला. त्या निकालात ॲट्रॉसिटीचं कलम लागलं नाही. बाईच्या अब्रूवर हात टाकल्याचंही लागलं नाही. कोर्ट म्हणालं, हा सूडातून झालेला खून आहे. जात? जात नाही. पुढं जुलै २०१० मध्ये नागपूरला हायकोर्टानं फाशीची पंचवीस वर्षांची कैद केली, जातीचं कलम तेव्हाही आलं नाही. चौसष्टपट शिक्षा आणि गुन्ह्याचं नाव गायब. दोर दिला आणि जात वाचवली. खुनी माणसं आत गेली, पण त्यांच्या हातात कुऱ्हाड देणारं जे होतं ते गावात मोकळं फिरत राहिलं, कारण निकालपत्रात त्याचं नावच नाही.

हे कसं जमतं? शब्दांनी जमतं. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात मोठ्या गुन्ह्याच्या कलमात अशी अट होती की पीडित माणूस अनुसूचित जातीचा आहे ‘या कारणावरून’ गुन्हा झाला पाहिजे. आता मारणारा मारताना पावती देतो का, की जातीच्या कारणावरून मारलं म्हणून? तो म्हणतो जमिनीचं भांडण होतं, बांधाचं होतं, रस्त्याचं होतं. या दोन शब्दांच्या भोकातून कितीतरी लोक निसटले. कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं डोकं फोडलं तेव्हा २०१६ च्या जानेवारीपासून शब्द बदलले. आता समोरचा त्या जातीचा आहे हे ‘माहीत असताना’ केलं तरी पुरे. दोन शब्द. पण त्या दोन शब्दांसाठी किती मढी पडली. २०१८ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं हा कायदा पातळ करणारा निकाल दिला. २ एप्रिलला देश बंद झाला, आपली पोरं मेली, आत गेली. ऑगस्टमध्ये संसदेला दुरुस्ती करावी लागली. ती लढाई जास्त शिक्षेसाठी नव्हती. नाव टिकवण्यासाठी होती.

घाटकोपरची रमाबाई नगरची गोष्ट तुमच्यातल्या थोरांनी डोळ्यांनी बघितलीय. ११ जुलै १९९७. पुतळ्याला चपलांचा हार, आणि रस्त्यावर आलेल्यांवर राखीव पोलिसांच्या गोळ्या. दहा माणसं. ज्यानं गोळीबार करायला लावला त्याला जन्मठेप झाली २००९ ला, बारा वर्षांनी, आणि मग तो जामिनावर बाहेर आला. आता हे वजन घ्या आणि दुसऱ्या पारड्यात हे टाका. २०२२ च्या अखेरीस या देशातल्या तुरुंगांत दर शंभर कैद्यांपैकी पंचाहत्तर कच्चे कैदी होते. कच्चे म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून ठरलाच नाही. जामिनाला माणूस नाही, वकिलाला पैसा नाही, म्हणून आत. त्यात आपली, आदिवासींची, मुसलमानांची पोरं लोकसंख्येच्या मानानं जास्त. गुन्हा ठरायच्या आधीच शिक्षा. गेल्या जन्माचं कोर्ट बंद झालं असं कुणी समजू नका, त्यानं इमारत बदललीय.

आणि आत गेल्यावर तरी शिक्षा सारखी असावी ना? एकाच गजाआड? नाही. कित्येक राज्यांच्या तुरुंगांच्या नियमपुस्तकांत लिहिलेलं होतं, स्वयंपाक अमुक जातीच्या कैद्यानं करायचा, संडास तमुक जातीच्या कैद्यानं साफ करायचे. ३ ऑक्टोबर २०२४ ला, हो, २०२४ ला, सुप्रीम कोर्टानं हे घटनाबाह्य ठरवलं आणि कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. एका पत्रकार बाईनं लिहिलं, कोर्टात गेली, म्हणून. नाहीतर सतराव्या कलमाला पंचाहत्तर वर्षं होत आली तरी तुरुंगात मनूच पहाऱ्यावर होता.

आता बक्षिसाकडं येतो. शिक्षेपेक्षा बक्षीस मला जास्त धोक्याचं वाटतं. शिक्षा कळते तरी.

आपल्याकडं अमृतनाकाची दंतकथा आहे. बिदरच्या बादशहाची राणी हरवली. अमृतनाक महार तिला शोधायला निघाला. जाण्याआधी त्यानं बादशहाकडं एक बंद डबी ठेवली. राणीला सुखरूप घेऊन आला तेव्हा दरबारानं संशय घेतला. त्यानं डबी उघडायला सांगितली. आत काय होतं? त्यानं स्वतःचं पुरुषत्व कापून ठेवलं होतं. आपल्यावर संशय येणार हे त्याला जाण्याआधीच ठाऊक होतं. बादशहा खूश झाला, माग म्हणाला. अमृतनाकानं स्वतःसाठी मागितलं नाही, समाजासाठी मागितलं. बावन्न हक्क मिळाले. काय होतं त्या हक्कांत? मेलेलं जनावर, मढ्यावरचं कापड, खळ्यावरचं चार पायल्या धान्य, दारोदारची भाकरी. दोस्तहो, एका माणसानं अख्खं पुरुषत्व दिलं आणि बदल्यात आम्हाला उष्टं मिळालं. आणि त्या उष्ट्याचा आम्ही अभिमान बाळगला, कारण त्याला हक्क म्हणलं होतं. तेच वतन. त्यासाठी रात्री-अपरात्री दवंडी, सरकारचं टपाल, पाटलाच्या घोड्यापुढं पळणं. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात बदल करायचं बिल आणलं, तेव्हा आपल्याच काही लोकांना वाटलं की हे आमचं बक्षीस काढून घेतायत. वतन कायद्यानं संपायला १९५८ उजाडलं.

एकलव्य तुम्हाला माहीत आहे. शिकला स्वतः, अंगठा दिला गुरूला. ज्या गुरूनं शिकवलंच नाही त्यानं फी मात्र घेतली. सरकारनं १९६१ ला खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार काढला. १९८५ ला उत्तम प्रशिक्षकासाठी पुरस्कार काढला, त्याचं नाव द्रोणाचार्य. उत्तम शिक्षक कोण? ज्यानं उत्तम विद्यार्थ्याचा अंगठा कापला तो. एवढ्या मोठ्या देशात दुसरं नाव सुचलं नाही आणि त्यात कुणाला काही खटकलंही नाही.

माझ्या गोदीतला एक हिशेब सांगतो. १४ एप्रिल १९४४. त्या दिवशी बाबासाहेबांना त्रेपन्न वर्षं पूर्ण झाली. ते तेव्हा दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. इथं मुंबईत व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज लागलं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, त्याच्या जोडीला कापसाच्या गासड्या, आणि सोन्याच्या विटा. स्फोटक माल असताना लावायचा लाल बावटासुद्धा लावला नव्हता. दुपारी आग लागली, चार वाजून गेल्यावर दोन धडाके झाले आणि अर्धी गोदी उडाली. सोन्याच्या विटा आकाशात उडाल्या. एका पारशी गृहस्थाच्या घरात एक वीट येऊन पडली, त्यांनी ती परत केली आणि त्यांना बक्षीस मिळालं, अशी गोष्ट मुंबईत सांगतात. विटांचा हिशेब होता, विटेवर शिक्का असतो, नंबर असतो. कितीतरी वर्षांनी गाळ उपसताना सापडलेली वीटसुद्धा कुणाची ते कळत होतं. आग विझवताना सहासष्ट फायरमन गेले, त्यांना दर वर्षी सलामी दिली जाते, द्यायलाच पाहिजे. पण मेले एकूण किती? कुठं आठशे वाचतो, कुठं तेराशे. मधल्या पाचशे माणसांचं काय? ते आमचे होते. ओझं उचलणारे. रोजावर आलेले. त्यांच्यावर नंबर नव्हता.

तुम्ही म्हणाल जुनं झालं. मग गेल्या वर्षीचं ऐका. आमच्या टोळीत एका मामांच्या पायावर लोखंडी पट्ट्यांचा गठ्ठा घसरला. स्लिंग जुनी होती. ती बदला म्हणून आम्ही मुकादमाला चारदा सांगितलं होतं. पाय घोट्यापासून गेला. ठेकेदाराच्या कागदावर काय आलं? ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. मग ठेकेदाराचा माणूस दवाखान्यात पाकीट घेऊन आला, सोबत फोटो काढणारा. मामी इमारतींची साफसफाई करते, शाळा तिसरीपर्यंत. तिनं विचारलं, “भाऊ, ही मदत हाय का भरपाई?” तो म्हणाला, “काय फरक पडतो मामी? पैसे ते पैसेच.” मामी म्हणाली, “मदत दिली तर म्या तुमचं पाय धरायचं. भरपाई दिली तर तुमी हिशेब द्यायचा. कागूद बदला, मग सही करते.” तिनं पाकीट परत केलं. घरात दोन वेळचे वांधे असताना परत केलं. कामावर अपघात झाला तर भरपाई हे १९२३ च्या कायद्यापासून मालकाचं देणं आहे, दानधर्म नाही. मामीनं तो कायदा वाचलेला नव्हता. केस चालू आहे. आमच्या टोळीतले पाच जण साक्षीला उभे राहिलेत, त्यातल्या दोघांना दुसऱ्या दिवसापासून काम मिळालेलं नाही.

तर आपण काय करायचं? तीन गोष्टी बोलतो आणि बसतो.

पहिली. अत्याचार झाला की आपण मोर्चा काढतो आणि ओरडतो, फाशी द्या. राग खरा आहे. मलाही येतो, मुठी माझ्याही वळतात. हात का उचलू नये असं पोरं विचारतात. २० मार्च १९२७ ला महाडात आपल्या लोकांची डोकी फुटली तेव्हा तिथं पलटणीत नोकरी केलेले गडी होते, त्यांना लाठी चालवता येत होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. ते भ्याले म्हणून नव्हे. उलट मारामारी झाली असती तर सरकारी कागदावर लिहिलं गेलं असतं ‘दोन गटांत दंगल’, आणि पाणी अडवल्याचा गुन्हा गायब झाला असता. त्यांनी कोर्टात दहा वर्षं झगडून १९३७ ला हायकोर्टाकडून निकाल घेतला. जीव वाचवायला हात उचलावा लागला तर उचला, कुणी अडवत नाही. पण रागात गुन्ह्याचं नाव हरवू देऊ नका. घटना घडली की फाशीच्या घोषणेआधी एफआयआर बघा. त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळाली पाहिजे, तो हक्क आहे. कलम कुठलं लावलंय, कुठलं गाळलंय ते वाचा. नाही कळलं तर कळणाऱ्याकडं जा. प्रत्येक वस्तीत दोन पोरं अशी पाहिजेत की ज्यांना ही भाषा येते. कविता करणारे आपल्याकडं पुष्कळ झाले, कलम वाचणारे कमी आहेत.

दुसरी. बक्षीस आलं की विचारा, ही मदत आहे का भरपाई? मला विचारतात, उद्या सरकारी पुरस्कार मिळाला तर घेशील का. पैसा जनतेचा असेल, माझ्या कामाचा असेल तर ताठ मानेनं घेईन, कुणाचे उपकार नाहीत. पण व्यासपीठावरून खाली उतरल्यावर माझी जीभ आखूड झाली तर समजा मनूचाच खिळा आहे. आता तो तापवत नाहीत. सोन्याचं पाणी देऊन, शालीत गुंडाळून तोंडात घालतात. चळवळीतली किती मोठी माणसं त्या खिळ्यानं गप्प झाली ते तुम्ही मोजा, मी नावं घेत नाही. कमिटी, महामंडळ, तिकीट. अमृतनाकानं निदान समाजासाठी तरी मागितलं होतं.

तिसरी गोष्ट थोडी टोचेल. काटा दुसऱ्याच्या दारात लावायचा आणि घरात आलं की अंदाजे मोजायचं, हे चालणार नाही. आपल्या घरात गुन्ह्याला नाव कोण देतं? पोरगं रात्री बाराला आलं तर ‘चळवळीत असतो’. पोरगी नऊला आली तर चौकशी, थोबाडीत. पोरानं दुसऱ्या जातीतली केली तर क्रांती, पोरीनं केली तर तोंड काळं केलं. आणि आपल्याच पोटजातीतल्या खालच्याला आपण काय म्हणतो? मांगाच्या, भंग्याच्या पोराच्या ताटात जेवताना आपला घास कुठं अडतो? शंबुकाचा न्याय आपल्या माजघरात चालू असेल तर महाडात जाळलेलं ते पुस्तक पुरतं जळालेलं नाही.

मला स्वर्ग नको, पुढचा जन्म नको. कुणाच्या सात पिढ्यांचा सूडही नको. एकच काटा पाहिजे, ज्यावर वाड्याचा आणि झोपडीचा, बाप्याचा आणि बाईचा, माझा आणि तुझा माल त्याच वजनाचा भरेल. तो याच जन्मात पाहिजे. आणि त्या काट्यावर बसणारा कारकून यापुढं फक्त त्यांच्या घरचा असता कामा नये. तिथं आपली मामी बसली पाहिजे.

जय भीम.